सातव्या माळेला बांधावरून आलेलं पाणी

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, पार वरच्या अंगाला, डोंगरात, जिथं भात आन् नाचणी सोडून दुसरं काय पिकत नाय आन् पाऊस लागला की चार चार दिस दाराबाहेर तोंड काढता येत नाय. पण काय सांगू तुमाला भाऊ, तिथं पाण्याची भीती मला कधी वाटली नाय. तिकडचं पाणी थांबतच नाय ना, कड्यावरून पडलं, खाचरातून गेलं, वढ्याला लागलं, पळालं खाली. आपलं घर टेपाडावर, पाणी आपल्या वाटंनं जातंय, आपण आपल्या दारात बसलोय. मग मला दिली ती इकडं, जुन्नरच्या उगवतीला, निमगाव सावाच्याही पलीकडं, कांद्याबाजरीच्या मुलखात. आई म्हणली, तिकडं पाऊस कमी, चिखल नाय, पोरगी कोरड्यात ऱ्हाईल. नव्वद-एक्क्याण्णव साल असंल ते.

आले, तर घराच्या मागं ही एवढी लांब टेकडी, हिरवीगार, सरळ, एका रेषेत. मी म्हणलं अशी सरळ टेकडी कधी बघितली नाय. नवी नवरी, इचारणार कुणाला, दोनचार दिस गप ऱ्हायले, मग आमच्या ह्यांना इचारलं, ही टेकडी कसली हो? ह्ये म्हणले, टेकडी नव्हं, तळ्याचा बांध हाये. म्हणलं मग तळं कुठंय? म्हणले पलीकडं. म्हणलं भरलं की पाणी कुठवर येतं? तर ह्यांनी हात वर करून दाखवला तो आमच्या घराच्या पत्र्याच्याही वर. आन् हसले. मला वाटलं चेष्टा करत्यात. दुसऱ्या दिवशी कपडे घेऊन बांधावर चढले, पलीकडं बघितलं, मागं वळून आपलं घर बघितलं, आन् धुणं हातातच ऱ्हायलं. तवापासून पाण्याची भीती बसली ती काय गेली नाय बघा.

ह्ये म्हणायचे, अगं येडे, बांध मातीचा हाये पण माती मुरलेली हाये. आन् खरंच व्हतं ते. दुष्काळात सरकारनं काम काढलं तवा बायामाणसांनी पाट्यांनी माती वाहून घातलेला बांध. आतल्या, म्हंजे पाण्याच्या अंगाला दगड लावलेले, बाहेरच्या अंगाला गवत, आन् वर बैलगाडी जाईल एवढी रुंदी. त्या बांधामुळंच आमच्या इहिरीला पाणी, त्या पाण्यावर कांदा, गुरं, समदं. तळ्याला नावं ठेवायची सोय नव्हती. आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, त्या सोता त्या कामावर पाट्या वाहत व्हत्या, ह्ये पोटात असताना. कुणी बांधाचं नाव काढलं की म्हणायच्या, माझ्या डोक्यावरून गेलेली माती हाये ती. असं म्हणायच्या जसा काय बांध त्यांचा थोरला ल्योक हाये.

आत्याबाई म्हंजे भाऊ, कशा सांगू, जिभेला हाड नव्हतं. मी डोंगरातली, मला इकडची बाजरीची भाकरी जमंना, तर म्हणायच्या, हिच्या भाकरीला तिन्ही अंगांनी तडे, नकाशा काढलाय जणू. पण खायच्या. मला ताप आला तर डोक्याला पट्टी ठेवायच्या आन् शेजारणीला सांगायच्या सोंग करती. आमचं असंच चालायचं. मी उलटून बोलायची नाय, मनात बोलायची.

आता तुमाला जागा नीट सांगते, नायतर पुढचं कळायचं नाय. बांधाच्या पायथ्याशी आमचं एकलं घर. बांधाच्या एका टोकाला सांडवा, म्हंजे तळं भरून जास्तीचं झालं की पाणी जायला दगडी वाट. त्या सांडव्याचं पाणी वढ्यात येतं, आन् वढा आमच्या घराला वळसा घालून जातो. वढ्याच्या पल्याड उंचावर गाव, शाळा, देऊळ. गावात जायचं तर एक तर वढ्यावरच्या फरशीवरून, म्हंजे बुटक्या पुलावरून, नायतर बांधावर चढून. लोक बांधावरूनच जास्त जायची, जवळ पडायचं. आधी बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, एकाच जागी बांध आडवा वलांडायचे, तर तिथली माती दबून दबून बांधाला एक खोलगट झालं व्हतं. आमी त्याला उतार म्हणायचो. उताराला भेटू, उताराला थांब, असं. पोरं त्या उतारावरून सायकली सोडायची. कुणाच्या मनात कधी काय आलं नाय.

माझ्या धाकट्या दिराचं नाव बापू. बापूनं आन् त्याच्या दोस्तांनी तळ्यात मासं सोडलं, कटला, रोहू. बीज आणलं, खायला घालायचे, राखण करायचे, लई नाद. तळं आमचं कधी अर्धं, कधी पाऊण भरायचं, सांडव्यावरून पाणी जाणं म्हंजे कधीतरी. पण बापू म्हणला, गेलंच तर मासं पण जात्याल. म्हणून त्यांनी सांडव्याच्या तोंडाला बाभळीचे मेढे रोवले आन् बारीक जाळी आडवी बांधली. गावानं कौतुक केलं. ह्यांनी पण केलं. पाणी जाईल, मासा ऱ्हाईल, डोकं हाये पोराला, असं म्हणले. आन् दोन तीन वर्सं पाणी सांडव्याला लागलंच नाय, तर जाळी आपली वाळत पडलेली, तिच्यावर बाया कपडे वाळत घालायच्या.

मग ते साल आलं. दोन हजारच्या पुढचं, पाच-सहा असंल. त्या सालाला पाऊस उठायचं नाव घेईना. इकडं आमच्याकडं असा पाऊस कधी नसतो, बाजरी काळी पडली, कांद्याची रोपं सडली, आन् तळं भरायला लागलं. रोज मी बघायची. आज दगडाची ही वळ बुडाली, आज ती बुडाली. घट बसले तवा तळं काठोकाठ झालं व्हतं. त्या वर्सी घट लौकर आल्ते, वारं अजून डोंगराकडनंच व्हतं, म्हंजे तळ्यावरून सरळ बांधाकडं.

आमच्या घरात आत्याबाई घटी बसायच्या. तुमाला ठावं असंल, पण एकेका घराची रीत येगळी. आमच्यात देवाच्या कोपऱ्यात पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधी पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर नारळ, रोज एक फुलांची माळ, आन् शेजारी दिवा, तो नऊ दिस विझू द्यायचा नाय. घट एकदा बसला की दसऱ्यापातूर जागचा हलवायचा नाय. आन् जी घटी बसली तिनं अंगणाच्या भायेर पाय टाकायचा नाय, खाटंवर निजायचं नाय, पायात घालायचं नाय, एक वेळ वरई खायची आन् दिव्याला तेल घालीत बसायचं. आत्याबाई लगीन होऊन आल्यापासून बसत व्हत्या. त्यात खंड नाय.

सातवी माळ व्हती. सकाळपासून वारं असं सुटलं की पत्रा नुसता थाड थाड वाजत व्हता. पाऊस बारीकच, पण वारं बेक्कार. आन् त्या वाऱ्याच्या आत दुसरा एक आवाज. धप. जरा थांबून परत धप. घराच्या मागनं. मी आत्याबाईंना म्हणलं ऐकलं का? तर म्हणल्या, वारं हाये. म्हणलं वारं धप करत नाय. म्हणल्या, तुझ्या डोंगरात करत नसंल. पोरं शाळेत गेल्ती, ती पल्याड उंचावर, त्यांची काळजी नव्हती. ह्ये आन् बापू सकाळीच फावडी घेऊन बांधावर गेल्ते. मी भाकऱ्या बांधल्या आन् निघाले.

बांधावर चढले आन् जे बघितलं ते अजून डोळ्यापुढनं जात नाय. तळं आपलं रोजचं नव्हतंच. भाऊ, मी समुद्र बघितला नव्हता तवर, नंतर बघितला अलिबागला, पण त्या दिवशी तळ्याला लाटा व्हत्या. गढूळ, बुटक्या, एकीमागं एक, पार पल्याडच्या काठापासनं वारं त्यांना हाकत आणायचं आन् बांधावर आणून आपटायचं. आपटली की दगडांच्या फटीतनं पाणी आत जायचं आन् परत जाताना माती घेऊन जायचं. दगड मोकळे होऊन घसरत व्हते. एकेका जागी तर बांधाच्या आतल्या अंगाला पायरी पडावी तसं कापलेलं. आन् उताराला, त्या खोलगटात, लाट सरळ वर चढायची आन् बांध वलांडून बाहेरच्या अंगाला यायची. आमच्या घराच्या अंगाला.

आधी नुसतं गवत आडवं पडलेलं दिसलं, विंचरल्यावानी. मला वाटलं एवढंच ना, पाणी गवतावरून जातंय, जाऊ दे. मग एका जागी गवताचा गड्डा मातीसकट निघाला आन् खाली आला. तिथं लाल माती उघडी पडली. पुढच्या लाटंचं पाणी बरोबर तिथंच गेलं. मग घळ पडली, हाताएवढी, मग गुडघ्याएवढी, आन् ती घळ खालनं वर चढत व्हती. म्हंजे पाणी वरनं खाली येतंय आन् घळ खालनं वर, बांधाच्या माथ्याकडं. माती आतनं सुटायची आन् ढेकूळ पडायचं. तो आवाज लाटंच्या आवाजापेक्षा बारीक, पण मला तोच ऐकू यायचा. माझ्या हातात भाकरीचं फडकं, आन् मी नुसती मोजायची, आता किती ऱ्हायलं, आता किती ऱ्हायलं.

गावातली गडीमाणसं समदी जमली व्हती. खताच्या गोण्यांत माती भरून उतारात टाकत व्हती. गोण्या संपल्या. मग कुणी ताडपत्री आणली, कांद्याची, ती वाऱ्यानं उडाली. मग गावानं कडबा आणला, आख्ख्या वर्साचा गुरांचा चारा, पेंढ्या बांधून बांधून पाण्याच्या अंगाला खुंट्या ठोकून लावल्या, म्हंजे लाट कडब्यावर आपटावी, मातीवर नको. त्यानं जरा फरक पडला. पण पाणी काय उतरंना. ह्ये म्हणले सांडवा चाललाय ना, मग पाणी उतरत का नाय? आन् मग समदे सांडव्याकडं पळाले.

जाळी बुजून गेल्ती. उसाचं पाचट, बाभळीच्या फांद्या, पाणगवत, पिशव्या, समदं वाऱ्यानं तिकडं लोटलेलं, जाळीवर चिकटून भिंत झाली व्हती. सांडव्यावरून पाण्यानं धो धो जायला पाहिजे तर नुसतं झिरपत व्हतं. जायची वाटच बंद. म्हणून तळं इतकं वर आलं व्हतं की वाऱ्यानं जरा ढकललं की बांधावरून. बापूचं तोंड पांढरं पडलं.  त्याला बोल लावायला कुणाला येळच नव्हता.

ह्ये माझ्याकडं आले. चिखलानं माखलेले, ऐकू जावं म्हणून कानाशी तोंड आणून वरडले, जाळी तोडायला लागती. तोडली की समदं पाणी एकदम वढ्याला येणार, फरशी बुडणार, घराची वाट बंद होणार. आन् नाय तोडली तर उतार तुटणार, आन् तो तुटला तर घर ऱ्हात नाय. तू जा, आईला घे आन् फरशी वलांडून शाळेकडं जा. तू पल्याड गेलेली दिसली की जाळी तोडतो. तवर आमी कडबा लावतो. म्हणलं गुरं? म्हणले दावी काप, जातील ती. म्हणलं तुमी? तर म्हणले जा.

मी घसरत, बसत, बांध उतरले. उतरताना उजव्या हाताला ती घळ. मी तिच्याकडं बघायची नाय असं ठरवलं व्हतं तरी बघितलं. पायात चप्पल ऱ्हायली नाय, कवा गेली कळलं नाय. गुरांची दावी कापली, म्हैस लगेच पळाली, शाणी व्हती ती. आन् मी घरात शिरले.

आत्याबाई घटापुढं बसलेल्या. मांडी घालून, दिव्याला हाताचा आडोसा करून. म्हणलं आत्याबाई, उठा, बांध चाललाय. म्हणल्या, घट हलायचा नाय. म्हणलं घट ऱ्हाऊ द्या, तुमी उठा. म्हणल्या, मी उठले तर दिव्याला कोण? म्हणलं अवो, तुमच्या ल्योकानं सांगितलंय, तुमी निघाल्याबिगर ते जाळी तोडत नाय, समदे थांबलेत. म्हणल्या, त्या बांधाची माती माझ्या डोक्यावरून गेलीय, तो मला काय करायचा नाय. असं म्हणून तेलाची बुधली उचलून दिव्यात तेल घातलं. तेल मातुर भायेर सांडलं.

मी पाया पडले. मी रडले. मी हाताला धरून वढलं, तर त्या तशाच बसलेल्या, बाई आडमाप, मला काय उचलायच्या नाय त्या. मागं धप, धप. पत्रा वाजतोय. मला वाटलं आता पाणी भिंतीतनं येतं का वरनं येतं, कसं येतं, आधी काय दिसंल, का दिसायच्या आतच. आन् वर समदी माणसं उभी, एका म्हातारीपायी. माझा नवरा त्या उतारात उभा. मला एकदा वाटलं, भाऊ, खोटं कशाला बोलू, वाटलं की हिला सोडावं आन् पळावं. पाय दारापातूर गेले पण. पण मग ह्यांना पल्याड एकटी मीच दिसल्यावर ह्ये काय जाळी तोडणार व्हते? ते तिथंच उभे ऱ्हायले असते आईची वाट बघत.

मग काय झालं माझं मलाच कळलं नाय. कोपऱ्यात लोखंडी घमेलं व्हतं, माती आणायचं. ते घेतलं, देवापुढं बसले, आन् पत्रावळ मातीसकट, कोंबांसकट सरकवून घमेल्यात घेतली. घट उचलून मधी ठेवला. माळ तुटली. दिवा उचलून घटाच्या आडोशाला ठेवला. आत्याबाई वरडल्या, असं वरडल्या की मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं, अगं रांडे हलवलास.  पाचसहा वर्साचं पोर उचलावं तसं ते घमेलं उचललं, डोक्यावर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आन् दाराच्या भायेर पडले. उंबऱ्याच्या भायेर आले न् आले तर वारं आलं आन् दिवा गेला. डोक्यावर व्हता तरी मला कळलं, वातीचा वास आला. मी मागं बघितलं नाय. म्हणलं आता देवी भायेर आलीय, हिला यायचं तर येईल.

आन् त्या आल्या. मागनं शिव्या ऐकू आल्या तवा कळलं आल्या ते. सातपिढ्यांचा उद्धार चाललेला, माझ्या आईचा, बापाचा, आमच्या डोंगराचा, आन् मी देवाला म्हणते शिव्या देऊ दे, थांबायला नको. फरशीवर पाणी गुडघ्याला लागत व्हतं. घमेलं धरलेलं, हात देता येईना, म्हणलं आत्याबाई माझा पदर धरा. त्यांनी धरला. धरला तो इतका घट्ट की मला गळ्याला फास बसला, तशीच चालले. पायाखालनं पाणी वढतंय, पल्याडची चढण दिसती पण जवळ येईना.

चढलो वर. मला हात वर करायचा व्हता, ह्यांना दिसावं म्हणून, पण घमेलं सोडता येईना, खाली ठेवायची पण हिंमत होईना, एकदा हलवलेला घट आता भुईला कुठं टेकवू. तवर आत्याबाईंनी दोन्ही हात वर केले आन् जोडले, बांधाकडं तोंड करून, देवीला म्हणत व्हत्या का बांधाला, मला ऐकू नाय आलं. पण वरच्या माणसांना दोन हात वर झालेले दिसले. बापूच्या कमरंला दोर बांधला, पाचसहा जणांनी धरला, आन् तो कोयता घेऊन सांडव्यात उतरला. आपलीच जाळी त्यानं आपल्या हातानं तोडली. एक मेढा सुटला तशी सगळी भिंत एकदम गेली, बापू पण गेला, दिसंनाच, मग दोर वढला तसा वर आला, खरचटलेला, नाकातोंडात पाणी, पण आला.

आन् मग वढ्याला जे पाणी आलं. आमी वलांडून आलो ती फरशी बघता बघता नाय झाली. आमचं अंगण गेलं, गोठ्यात पाणी शिरलं, उंबऱ्याला लागलं. मी आन् आत्याबाई शाळेच्या कट्ट्यावर उभ्या, पोरं येऊन कंबरेला बिलगलेली, आन् आमी समदी त्या घळीकडं बघतोय. एवढ्या लांबनं पण दिसायची, लाल. परत एक ढेकूळ पडायचं, आन् माझे डोळे मिटायचे. मग परत उघडायचे.   पाणी उतरायला लई येळ लागला, पण उतरलं, आन् लाट उताराला चढायची बंद झाली. वारं मातुर दिवस मावळायला पडलं. बांध तुटला नाय. त्या जागी बैलगाडीएवढी रुंदी व्हती ना, तिथं माणूस पायापुढं पाय टाकून जाईल एवढीच ऱ्हायली व्हती.

मासं सगळं वढ्यानं शेतात गेलं. दुसऱ्या दिवशी बाजरीत, बांधाबांधाला, हे एवढे मोठे कटले तडफडतायत, आन् गावात समद्यांचे नवरातीचे उपास. हात लावायचा नाय कुणी. बगळ्यांनी आन् कुत्र्यांनी दसरा केला. बापू तिकडं फिरकला नाय, परत तळ्याचं नाव त्यानं काढलं नाय. पुढं सरकारी माणसं आली, मुरूम टाकला, दगड लावले, उतार बुजवला, वरनं गाड्या बंद झाल्या. सांडव्याला जाळी बांधायची नाय असं गावानं ठरवलं.

पण आत्याबाई. बांध तुटला नाय ना भाऊ, तिथंच माझं चुकलं. तुटला असता तर मी देवी झाले असते. तुटला नाय, घर उभं ऱ्हायलं, देवाचा कोपरा तर कोरडाच ऱ्हायला, पाणी उंबऱ्यापातूरच आलं. मग आत्याबाई येईल त्याला सांगायच्या, बघा, माझा दिवा तेवला असता, हिनं विझवला. घट तसाच घमेल्यात दसऱ्याला उठवला. बाया माझ्याकडं कशातरीच बघायच्या. म्हैस आटली तर मी, पोराला ताप आला तर मी. ह्ये एकदा बोलले आईला, तर ह्यांच्याशी पण बोलणं बंद. मी काय म्हणणार, विझवला तर व्हताच. मला पण मनात भीती बसली, एक त्या बांधाची व्हती, आता ही दुसरी.

मग थंडीत, संक्रांतीच्या पुढं मागं, आमी दोघी उन्हाला बसून पावट्याच्या शेंगा सोलत व्हतो. आत्याबाई खाली मान घालून शेंगा सोलता सोलता म्हणल्या, माझे पाय उचलत नव्हते. मी म्हणलं काय? म्हणल्या, त्या दिवशी. धप वाजायला लागलं तवापासनं पायात जीवच नव्हता. बूड हलंना माझं. दिव्याचं नाव पुढं केलं. मग सोललेल्या दाण्यांचं सूप माझ्याकडं सरकवलं आन् म्हणल्या, किडकं बघ, तुला दिसत नाय कधी. बस. परत कधी तो इषय काढला नाय, गावात सांगायच्या ते पण बंद झालं.

आता त्या नाय. गेल्या, झोपेतच गेल्या, आपल्या घरात. आता मी घटी बसते. ह्यांना दिसत कमी, पोरगा चाकणला कंपनीत जातोयेतो, सून घर बघती. घर तिथंच हाये, बांध तिथंच हाये, आन् तळं भरलं की मी अजून रोज जाऊन दगडाच्या वळी बघते, सून हसती. गेल्या साली नवरातीत वारं सुटलं. बांधाला काय नाय झालं, तळं अर्धंच व्हतं, मला ठावं व्हतं अर्धंच हाये. पण पत्रा वाजायला लागला आन् मी घटापुढं बसलेली, म्हणलं उठून जरा मागं बघून यावं, तर भाऊ, पाय उचलंनात. बसले तशीच, दिव्याला आडोसा करून. सून भायेरनं म्हणली, आई काय झालं? मी म्हणलं काय नाय, दिवा बघते.

मग वारं पडल्यावर तिला जवळ बसवली आन् सांगितलं. म्हणलं कधी तशी येळ आली तर मला इचारू नको. मी नाय म्हणीन. रीत सांगीन, देव सांगीन, तुला शिव्या पण देईन. तू ऐकू नको. घमेलं त्या दाराआड ठेवलंय, घट उचल आन् चालू लाग, मी येते मागनं. ती पोरगी हसली नाय या बारीला. घमेलं कुठंय ते बघून आली.

चहा घ्या भाऊ, थंड झाला. उजेड हाये तवर निघा. तुमचं भलं व्हवो, आन् तुमच्या घरात कुणीतरी तुमाला न इचारता उचलणारं असू दे.